नव्या सीएचओस (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यास) पत्र: बीपी मोजताना आणि बीपीचा पेशंट सांभाळताना

प्रिय नव्या सहकारीस,
सप्रेम नमस्कार.

उपकेंद्रावर तुझ्या हातात दिवसभर असेल ते बीपीचं मशीन. पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा लिहायचा, एवढंच काम. सोपं वाटतं म्हणूनच ते हमखास बिघडतं. आधीचं रजिस्टर काढ आणि आकड्यांवरून बोट फिरव. १३०/८०, १४०/९०, १२०/८०, पुन्हा १३०/८०. पानभर शेवटी शून्यच दिसत असेल, तर तिथे बीपी मोजलेलं नाही, अंदाजे लिहिलेलं आहे. मशीन १३७/८४ दाखवत असेल तर १३७/८४च लिही. १३८चे १४० केलेस तर एखाद्या बाईच्या मागे उगाच गोळी लागू शकते. १६४चे १६० लिहिलेस आणि पुढच्या महिन्यात १५६चेही १६०, तर गोळीने आठ पॉइंट उतरवले हे डॉक्टरांना कधीच कळणार नाही.

आता मोजायचं कसं ते. वाडीवरून उन्हातून चालत आलेल्या आजींना बाकावर टेकू न देता पट्टा बांधला, तर तो आकडा त्या चालण्याचा असतो. पाच मिनिटं शांत बसू दे. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. बायकांना ‘मिश्री कधी लावली?’ असं थेट विचार. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की त्या ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. लघवीला जाऊन यायला सांग, तुंबलेल्या लघवीनेही बीपी चढतं. स्टूल नको, पाठ टेकेल अशी खुर्ची हवी. पायावर पाय नको. ठेंगण्या म्हाताऱ्या माणसांचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, त्यांच्या पायाखाली पाट सरकव. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत राहिला की सात-आठ पॉइंट फुकटचे वाढतात. आणि मशीन चालू असताना तूही बोलू नकोस, ‘मुलगा काय करतो’ हे नंतर विचार.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली की ती दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहेर काढायला सांग. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर आडपडदा हवाच, तो नसेल तर आधी त्याची सोय कर. टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोज. पट्ट्यावर साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर अशी मर्यादा छापलेली असते. ३६ घेराच्या दंडावर तो ओढूनताणून बसवलास तर पाच ते वीस पॉइंट खोटे जास्त येतात. मोठा पट्टा मागवायला लाजू नकोस.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज. दोन्हींत दहापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोज आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धर. पहिल्या भेटीत दोन्ही हात बघ, पुढे ज्या हाताला जास्त तोच कायम. मोजण्याआधी नाडीवर बोटं ठेवायची सवय लाव. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर डिजिटल मशीनवर विसंबू नकोस, डॉक्टरांकडे पाठव.

वेगवेगळ्या दोन दिवशी वरचा आकडा १४० किंवा जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त आला तर ते उच्च रक्तदाब. दोन्ही वाढलेले असायलाच हवेत असं नाही. घरच्या मशीनवर हीच रेघ १३५/८५ ला आहे, कारण घरी माणूस निवांत असतो. पण १८०/११० किंवा त्यावर आकडा गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एक हात-पाय लुळा पडणं किंवा अचानक अंधारी येणं, यातलं काही असेल तर १०८. बीपी चटकन उतरावं म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी पद्धत अजून कुठे कुठे सांगतात. ते करू नकोस. दाब धाडकन कोसळला की मेंदूला आणि हृदयाला जाणारं रक्तही कमी पडतं.

गरोदर बाईचं गणित वेगळं. १४०/९० दिसलं की लघवीतलं प्रोटीन तपास आणि त्याच दिवशी पुढे पाठव. डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, बरगड्यांखाली वरच्या पोटात दुखणं असेल तर गाडीची वाट बघत गप्पा नकोत. बाळंतपणानंतरही सहा आठवडे तिचं बीपी बघत राहा.

मिठाबद्दल ‘मीठ कमी खा’ एवढं सांगून काहीही होत नाही. प्रत्येक जण म्हणतो, ‘आम्ही कमीच खातो.’ त्याऐवजी विचार, घरात माणसं किती आणि मिठाची एक किलोची पुडी किती दिवस जाते? माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा. चार माणसांचे वीस ग्रॅम, म्हणजे पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. पंचवीस दिवसांत संपत असेल, तर लोणच्याचा मोसम वगळता माणशी दहा ग्रॅम पोटात जातंय. फरसाण, खारी, पाव यांतलं मीठ तर यात धरलेलंच नाही. हा हिशेब घरच्या बाईसमोर बोटांवर करून दाखव, लगेच पटतो. मग कुठून कमी करायचं तेही नेमकं सांग: ताटात मीठ वाढायचं नाही, भाकरीच्या पिठात आणि भातात घालायचं नाही, ठेचा-चटणी रोजच्या निम्मी. पापडखार आणि खायचा सोडा खारट लागत नाहीत, पण त्यांतही सोडियम असतं. सुकट-बोंबील खाणाऱ्यांना ते नीट धुऊन घ्यायला सांग. सैंधवाने बीपी वाढत नाही असं लोक ठामपणे सांगतात, पण तेही बहुतांशी तेच सोडियम क्लोराईड. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाने आणि टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

वजन उतरलं की किलोमागे साधारण एक पॉइंट उतरतो, पोट सुटलेल्यांना हे सांग. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला मात्र ‘रोज अर्धा तास चाला’ असं सांगू नकोस, ती मनातल्या मनात हसते आणि तुझं पुढचं काहीच ऐकत नाही. तिला गुडघेदुखीची गोळी विचार. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि किडनीवरही ताण आणतात. चांगली चाललेली बीपीची गोळी एकाएकी लागू पडेनाशी झाली, तर आधी या गोळ्यांचा शोध घे.

औषध डॉक्टर ठरवतील, बहुतेकदा सुरुवात ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने होते. एका महिन्याने आकडा उतरला नाही तर डोस वाढतो किंवा टेल्मिसार्टन ४० सारखी दुसरी गोळी जोडली जाते. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. लोक ‘किडनी गेली’ म्हणून घाबरतात आणि गोळी फेकून देतात. ही सूज गोळीमुळे येऊ शकते हे पहिल्याच दिवशी सांगून ठेव, आणि सूज आलीच तर गोळी न थांबवता दाखवायला यायला सांग. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, म्हणून तरुण बायकांना पाळी आणि पुढचा विचार आवर्जून विचार. वयस्कांना उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोज. वरचा आकडा वीसने घसरला तर ते रात्री लघवीला उठताना पडतील, डॉक्टरांना कळव.

गोळी सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ‘बीपी नॉर्मल आलं, म्हणून बंद केली.’ यात ॲम्लोडिपिन माणसाला चांगलंच फसवतं. ती शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे बंद केल्यावर दोन-तीन दिवस आकडा फारसा हलत नाही आणि माणूस म्हणतो, बघा, गरजच नव्हती. आठवड्याने मोजून दाखव. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवणारेही पुष्कळ. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, हे जमलं तर गावातल्या महाराजांच्या तोंडून येऊ दे, तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील. गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

तुझ्या गावातून ऊसतोडीला माणसं जात असतील, तर सगळ्यात मोठा खंड तिथे पडतो. चार-पाच महिने माणूस फडात, आणि हातात औषधाची चिठ्ठी नसेल तर तिथल्या डॉक्टरला तो सांगतो ‘बीपीची पांढरी गोळी’. दसऱ्याआधी आशाताईंकडून जाणाऱ्यांची यादी करून घे. डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची परवानगी मिळव, आणि कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि शेवटचा आकडा ठळक लिही. तेवढ्या जादा गोळ्या मागणीपत्रात महिनाभर आधी लावायला विसरू नकोस. मुकादमाचा ट्रॅक्टर रात्रीच दारात उभा राहतो, आणि सकाळी तू कपाट उघडेपर्यंत ती माणसं निघून गेलेली असतात.

तुझी,
एक जुनी सहकारी