पहिल्या सत्रात एवढंच करा

सर, पहिलीच नेमणूक आणि तीही सड्यावरच्या वाडीशाळेत, म्हणून धास्तावू नका. पटावर चौदा पोरं म्हणजे प्रत्येकाला ओळखता येतं.

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आकारिक (शिकताना रोज होणारं) आणि संकलित (सत्राअखेरीस होणारं). सगळे तक्ते लगेच कळायलाच हवेत असं नाही.

– रोज दोनच मुलांची नोंद, पण त्याच दिवशी. 'प्रगती चांगली' नको. 'वजाबाकीत हातचा विसरते' असं लिहा. मी पहिल्या वर्षी सगळ्या वर्णनात्मक नोंदी सत्राअखेरीस एका रात्रीत उरकल्या. वर्गातली सगळी पोरं एकसारखी हुशार निघाली!
– भातलावणीत पालकसभा ठेवू नका. कोणी येत नाही आणि मग 'पालकांना पडलेलीच नाही' म्हणत आपण मोकळे होतो. त्यापेक्षा संध्याकाळी वाडीत चक्कर मारा. आईबाप मुंबईला, घरी आजी, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. आजीला गुण सांगून काय उपयोग? नातवाकडून बाजाराची यादी वाचून घ्यायला सांगा.
– शाब्दिक गणित चुकलं तर आधी बघा, प्रश्न वाचता आला होता का?

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच किमान ७५ टक्के पालक असतात. बैठक नुसती सह्यांपुरती नको. वाचनात किती मुलं अडकलीत ते मांडा, नावं मात्र घेऊ नका.

भारांश (कशाला किती वजन), श्रेणी, ऑनलाइन माहिती भरणं वगैरे गणपतीनंतर विचारा.