आधी त्याचा रिपोर्ट आण

पत्र : ताई, लग्नाला साडेचार वर्षं झाली, मूल नाही. नळ्यांची तपासणी झाली, दुर्बीण झाली, इंजेक्शनंही झाली. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता सासूबाई टेस्ट ट्यूबचं म्हणताहेत. हे फार समजूतदार आहेत, एका शब्दाने बोलत नाहीत. बिचारे दिवसभर दुकानात उभे असतात, रात्री डाव्या जांघेत जड झालं म्हणून आल्या आल्या आडवे होतात. आडवं झालं की बरं वाटतं म्हणतात. मी कुठे कमी पडतेय? – एक वाचक, सांगली

अगं, नवऱ्याचं दुखणं तू दोन ओळींत उरकलंस, आणि त्याच्या वीर्यतपासणीचं तर पत्रात नावच नाही!

उभं राहिलं की डावीकडे जड होणं आणि आडवं झालं की उतरणं, हे व्हेरिकोसील असू शकतं. वृषणातून वर रक्त नेणाऱ्या शिरा फुगतात, रक्त तिथेच साचतं, वृषण गरम राहतं. शुक्राणू नीट तयार व्हायला तिथे शरीरापेक्षा दोनेक अंश कमी तापमान लागतं. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून हा त्रास बहुतेक डावीकडेच. शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना तो असतो. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्यांत ३५ ते ४० जणांना. असला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण बघायला तर हवं.

आणि समजूतदार कसला? तुला भूल देऊन पोटात दुर्बीण घातली, तोवर या माणसाने एका डबीत नमुना दिला नाही. मला त्याचा राग आलाय. त्याच्या तपासणीबद्दल तुला न विचारणाऱ्या डॉक्टरांचाही.

पुढच्या महिन्याची इंजेक्शनं सुरू करू नकोस. या आठवड्यात त्याचा नमुना लॅबमध्ये जाऊ दे. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. मग यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे आणि पुरुषांच्या अशा त्रासांचे डॉक्टर. ते उभं करून हाताने तपासतात, लागली तर सोनोग्राफी करतात. शिरा हाताला लागल्या आणि रिपोर्टही खराब असला, तर जांघेत छोटा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली त्या बांधता येतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. बऱ्याच जणांचा रिपोर्ट सुधारतो. मूल होईलच अशी हमी कुणी देऊ नये.

तो ‘बघू’ म्हणाला तर सांग, ‘तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही.’ सासूबाईंसमोर सांग.