हो हो कळलं म्हणतात, पण रिंग मिटत नाही

प्रश्न: ताई, मी बरीच वर्षं टॅटिंगची लेस करते (शटल, म्हणजे दोरा गुंडाळलेली हातातली छोटी फिरकी, तिने गाठी घालून विणतात ती) आणि हल्ली व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागलेय, ५ जणी आहेत. समोर बसवून शिकवताना कधी अडलं नाही, पण इथे सगळ्या "हो हो कळलं" म्हणतात आणि पुढच्या क्लासला बघावं तर एकीचीही रिंग, म्हणजे गाठींचं गोल कडं, ओढून बंद होत नाही. मी तर अगदी हळू करून दाखवते. काय चुकतंय?

उत्तर: अहो, कितीही हळू दाखवा, जे दिसायला हवं ते दिसतच नाही ना! टॅटिंगचं सगळं घोडं अडतं गाठ पलटण्यावर. आपण शटलच्या दोऱ्याने गाठ घेतो, मग शटलचा दोरा ताठ धरून डाव्या हाताची बोटं जरा सैल सोडतो आणि गाठ टुणकन डाव्या हातावरच्या दोऱ्यावर जाते, शटलचा दोरा आतून सरळ राहतो, म्हणून तर तो ओढला की रिंग मिटते. आता बोटं सैल सोडली हे स्क्रीनवर कुणाला कळणार? समोर असताना तुम्ही तिच्या बोटाला हात लावून "सोड, सोड" म्हणत असणार, इथे तेच जमत नाही.

म्हणून रिंग थोडे दिवस बाजूला ठेवा आणि दोन रंगांवर साखळी घ्या, म्हणजे ओढून बंद न करायची गाठींची नुसती ओळ. शटलवर लाल, हातावर गुंड्याचा पिवळा, दोरा जाडसर. गाठी पिवळ्या दिसल्या तर पलटल्या, लाल दिसल्या तर नाही, इतकं ते सोपं, आणि चूक तिची तिलाच दिसते. टॅटिंगच्या मूळ गाठीचे, म्हणजे दुहेरी टाक्याचे, दोन अर्धे असतात, तर प्रत्येक अर्ध्यानंतर एकेकीला कॅमेऱ्यासमोर शटलचा दोरा ओढायला लावा. गाठी सरकल्या तर पुढे. वेळ जातो, कंटाळा पण येतो, तरी पहिल्याच गाठीला चूक पकडलेली बरी, कारण आवळून बसलेली गाठ सोडवताना डोळ्यात पाणी येतं.

तुमचा फोन वरून खाली बघणारा ठेवा, चित्र तुम्हाला तुमचे हात दिसतात तसंच दिसलं पाहिजे, उलटं नको. खाली गडद साधं कापड. आणि बॅकग्राउंड ब्लर बंद!! माझ्या पहिल्या बॅचला मी पांढरा दोरा घेतलेला आणि ब्लर चालू, अर्धा तास बडबडले आणि शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, मॅडम तुमची बोटं मधूनमधून गायब होतायत.

हात दाखवायला त्याच कॉलला दुसऱ्या फोनवरूनही जॉइन होत असाल तर त्याचा माईक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर किंचाळतो.

प्रश्न: माझ्या बॅचमधली एक जण डावखुरी आहे, तिला वेगळा क्लास घेऊ का?

उत्तर: गरज नाही. तिच्यासाठी ५ मिनिटं वरचा कॅमेरा सोडून समोरच्या कॅमेऱ्यात या आणि हात छातीपाशी धरून करा. तुमचा शटलचा उजवा हात तिला स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो, म्हणजे ती आरशात बघितल्यासारखी सरळ नक्कल करू शकते. फक्त तुमच्या स्वतःच्या चौकटीत बघून डावं-उजवं सांगू नका, बहुतेक ॲपमध्ये आपल्याला आपण उलटे दिसतो आणि बाकीच्यांना सुलटे. "शटलचा हात" आणि "दोऱ्याचा हात" असंच म्हणा.