शहर सोडून लहान गावात राहायला गेलो तर करमेल का? तिथली माणसं आपलं म्हणतील का?

तुम्ही लिहिलंय की काम घरून चालतं, एका लहान गावातलं घर रविवारी बघून आलात, आवडलं, आता टोकन द्यायचंय, आणि धास्ती आहे ती फक्त माणसांची. टोकन देऊ नका. आधी भाड्याने राहा आणि पूर्ण वर्ष काढा, म्हणजे गावाचा सगळ्यात वाईट महिना अनुभवाला येईल. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं सांगणारे शंभर भेटतील. त्यांचं ऐकू नका.

माणसांबद्दल विचारलंत म्हणून थोडं तिखट लिहितो. गावातून वर्षभरात परत फिरलेले लोक एकच कारण पुढे करतात: तिथली माणसं फार चौकस, रुळू देत नाहीत. मला हे कधीच पटलेलं नाही. जरा खोदून विचारलं की निघतं ते असं: टाकी कोरडी, व्होल्टेज पडलेलं, मीटिंग अर्ध्यात तुटलेली. अशा त्रासलेल्या माणसाला शेजाऱ्याने सहज विचारलेलंही टोचतं. घर चुकीचं निवडलं जातं आणि खापर गावावर फुटतं.

म्हणून आधी पाणी. नळाला पाणी येतं का, हे विचारून काही कळत नाही. किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि घर लाइनीच्या सुरुवातीला आहे की शेवटाला, हे विचारा. शेवटच्या घरांना पाणी उशिरा आणि कमी दाबाने मिळतं. गल्लीत चौघांनी थेट लाइनवर मोटार लावली असेल तर पाचव्याच्या नळातून नुसती हवा येते. शिवाय त्या ओढीने पाइपातला दाब उणे होतो आणि गळक्या जोडातून आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटं ते टाकीत घ्यायचंच नाही.

साठवणीचा हिशोब सोपा आहे. चार माणसं, दरडोई १३५ लिटर, म्हणजे रोज ५४० लिटर. पाणी दर चौथ्या दिवशी येत असेल तर २,१६० लिटर लागतं. एखादी पाळी हुकतेच, म्हणून आणखी दोन दिवसांची भर घालून ३,००० लिटरच्या वर साठा हवा. एक हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ते गच्चीच्या मधोमध ठेवायचं नाही, खाली खांब-तुळई असेल तिथेच ठेवायचं. मोठा साठा जमिनीखालच्या टाकीत आणि वर लहान टाकी, ही रचना बरी. वरच्या टाकीचा तळ नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर ०.३ बार दाब मिळतो. बऱ्याच वॉशिंग मशीनना किमान एवढा लागतोच.

बोअर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. घरमालक वीस मिनिटं मोटार चालवून धो धो पाणी दाखवतो. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी उभं असतं. ५० मीटर पाणी असेल तर ९०० लिटर आयतेच साठलेले असतात, आणि मिनिटाला ३० लिटर उपसलं तरी पहिला अर्धा तास त्यावरच निघतो. खरी आवक त्यानंतर कळते. म्हणून मोटार सलग तीन तास चालवायला सांगा. सुरुवातीला आणि शेवटी दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. २० सेकंदांचे ६० झाले तर झरा अशक्त आहे. ही तपासणी वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यातच करायची. मोटारीला ड्राय-रन कटऑफ, म्हणजे पाणी संपलं की ती आपोआप बंद करणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा, नाहीतर पाणी आटल्या दिवशी ती जळते.

टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा बघून पाणी चांगलं ठरवणारे पुष्कळ आहेत. त्या मीटरला जंतू, फ्लोराइड, नायट्रेट यातलं काहीही वेगळं कळत नाही. प्रयोगशाळेतच तपासा: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) शून्य हवेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट ५० च्या आत. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे विसरू नका. शोषखड्डा विहिरी-बोअरपासून ३० मीटर तरी लांब हवा, शेजाऱ्याचासुद्धा.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. राउटर १२ वॉट, लॅपटॉप ६०, साधा पंखा ७५, दोन दिवे १८, मिळून १६५. इन्व्हर्टरची घट धरून साडेचार तास निघतात. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, घेतलात तर सहाच्या वर. रात्री आठला सॉकेटला मल्टिमीटर लावा. २३० च्या जागी १८० दिसलं तर घर डीपीपासून, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब आहे किंवा डीपीवर भार जास्त आहे. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते.

इंटरनेट दोन हवेत, एक वायरचं आणि एक मोबाइलचं. एकाच खांबावरून आलेली दोन कनेक्शनं म्हणजे एकच. वेग रात्री नऊला मोजा, अपलोडही बघा, आणि वीज गेल्यावर किती वेळ चालू राहतं ते शेजारी विचारा. तुमचा राउटर बॅटरीवर असला तरी पुरवठादाराच्या पेटीतली बॅटरी संपली की सगळंच बंद.

दवाखाना किती जवळ, यापेक्षा रात्री दोनला चालू असलेलं सीटी स्कॅन किती लांब, हे विचारा. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावीच लागते. रुग्णवाहिका तिकडूनच येणार असेल तर अंतर दुप्पट धरा.

आता माणसं. चौकशी होणारच. कोण, कुठले, काय करता, हे सरळ सांगून टाका. टाळलंत की तर्क सुरू होतात. प्लंबर आणि वायरमन गावात एक-दोनच असतात, त्यांचे पैसे त्याच दिवशी द्या. ‘आमच्या शहरात असं असतं’ हे वाक्य पहिलं वर्ष तोंडातून काढू नका. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी कुठेतरी जात राहा, वाचनालय असो की मैदान, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो. यापलीकडे करमेल की नाही हे तुमच्या स्वभावावर आहे. ज्याला शहरातही चार माणसं जोडता आली नाहीत, त्याला गाव ती आणून देणार नाही.

हे सगळं धडधाकट, घरून काम करणाऱ्यांसाठी लिहिलंय. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल किंवा मूल दहावी-बारावीत असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा घाई करू नका. त्या वर्षात शहरातलं घर विकू नका, भाड्याने द्या. आणि गावातल्या भाडेकरारात दोन गोष्टी लेखी घ्या: पाणी आटलं तर टँकर कोण मागवणार आणि कुणाच्या खर्चाने, आणि मोटार जळली तर दुरुस्ती कुणाकडे.