पोर्तुगीज पासपोर्टवर आता लंडनला नोकरीसाठी जाता येईल का?

नाही, गोव्यातून काढलेल्या पोर्तुगीज पासपोर्टवर आता ब्रिटनमध्ये थेट नोकरी धरता येत नाही. इतर परदेशी लोकांसारखाच वर्क व्हिसा लागतो. ब्रेक्झिटनंतरचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा, संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि मुक्त संचाराचा, म्हणजे व्हिसाशिवाय तिथे राहून काम करण्याचा, हक्कही तेव्हाच संपला. त्याआधीपासून इंग्लंडमध्ये स्विंडन, साउथॉलला राहणाऱ्या गोंयकारांचे हक्क ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या माघार करारामुळे टिकले, पण त्यांनाही तिथे राहण्यासाठी अर्ज करावाच लागला. मुदत होती ३० जून २०२१. तुमचा जोडीदार किंवा आईवडील त्यांच्यापैकी असतील तर मात्र कुटुंबाचा वेगळा मार्ग असू शकतो, तो आधी तपासा. नाहीतर डब्लिन किंवा लिस्बन बघा: युरोपीय संघाच्या २७ देशांत हा पासपोर्ट अजून चालतो. अजून काढला नसेल, तर भारतीय नागरिकत्व जातं हेही धरून चाला. एजंट ते सगळ्यात शेवटी सांगतात.