ऑपरेशनमध्ये काढलेल्या कॅन्सरच्या गाठीपासूनच उपचार तयार करता येतो का?
हो, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी येतो. गाठीत कॅन्सरशी लढायला शिरलेल्या, पण तिथे निष्प्रभ झालेल्या टी-पेशीही (रोगप्रतिकारक पेशी) असतात. प्रयोगशाळेत गाठीचे बारीक तुकडे इंटरल्युकिन-२ (टी-पेशींची वाढ करणारं प्रथिन) घालून वाढवले की त्या अब्जावधी होतात. मग रुग्णाला आधी केमोथेरपी देऊन या पेशी त्यालाच शिरेतून परत देतात. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८८ मध्ये याचे परिणाम प्रसिद्ध केले. तिथे मान्यता मिळायला २०२४ उजाडलं! मान्यतेच्या चाचणीत साधारण तिघांपैकी एकाच्या गाठी लक्षणीय आकसल्या, त्यामुळे नातेवाइकांना सरसकट आशा दाखवू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कार-टी (जनुकीय बदल केलेल्या टी-पेशींचा उपचार) वेगळी, तिच्यात टी-पेशी रक्तातून घेतात. आणि बायॉप्सीचे जुने ब्लॉक (जतन केलेले गाठीचे तुकडे) इथे चालत नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, ताजीच गाठ लागते.