शेजारच्या शेतात पाखरं हाकलायची गॅसची बंदूक पहाटेपासून वाजते. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की घर घेतलं तेव्हा खिडकीतून शेत दिसतं याचंच अप्रूप होतं, आणि आता तीन आठवडे उजाडायच्या आत पहिला बार होतो तो दिवेलागणीपर्यंत चालतो. तान्हं मूल दचकून रडतं, कुत्रा पलंगाखालून निघत नाही. शेतकऱ्याशी वैर नको, पण झोप हवी. मी सहा वर्षं अशाच एका शेताच्या कडेला राहते आणि पहिले दोन हंगाम तुमच्यासारखेच काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. घरातलं कुणी ना कुणी म्हणत असेल, ‘होईल सवय, एवढं काय मनाला लावून घेतेस.’ तसं नसतं. अचानक मोठा आवाज झाला की विचार सुचायच्या आत अंग आक्रसतं, ते आपल्या हातात नाही. पंप दिवसभर घरघरला तर कान तो मागे टाकतात. बार मात्र शांततेतून एकदम येतो आणि पुढचा कधी येईल याची वाट बघण्यात मधली शांतताही जाते. मला बारापेक्षा त्या वाट बघण्यानं जास्त थकवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपायच्या खोलीतला एकेकटा आवाजसुद्धा ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. या बंदुकीचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या वर असतो. तेव्हा तुम्ही उगीच कुरकुर करत नाही आहात.

आता ती बंदूक कशी चालते ते समजून घ्या, कारण उपाय तिथेच आहे. सिलिंडरमधला गॅस एका कप्प्यात हळूहळू साठतो, दाब पुरेसा झाला की झडप उघडून नळीत शिरतो, ठिणगी पडते आणि बार होतो. छर्रा नाही, गोळी नाही, नुसता आवाज. साध्या यंत्रात गॅस किती वेगानं सोडायचा यावर दोन बारांमधलं अंतर ठरतं. म्हणजे एक चावी फिरवली की दर पाच मिनिटांचा बार वीस मिनिटांवर जातो. बऱ्याच ठिकाणी ती चावी पहिल्या दिवशी जशी होती तशीच राहिलेली असते.

पहाटेचा बार जास्त मोठा वाटतो, तो भास नाही. रात्रभर जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वरचा थर उबदार राहतो. अशा हवेत आवाज आकाशात विरून न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत जमिनीलगत पसरतो. दुपारी जमीन तापली की उलटं होतं. त्यात वारा शेताकडून घराकडे असेल तर बघायलाच नको. त्याच बंदुकीचा तोच बार पहाटे छातीत बसतो आणि दुपारी नुसता कानावर येतो, तो यामुळे.

आणि आता ज्या मुद्द्यावर माझ्याकडे सगळं बदललं तो. पाखरांना या आवाजाची सवय होते, आणि फार लवकर होते. एकाच जागेवरून, ठरावीक अंतरानं, नुसताच बार येत राहिला आणि त्यामागे काहीच वाईट घडलं नाही, तर काही दिवसांतच ती ओळखतात की यात धोका नाही. मी स्वतः पाहिलंय, बार झाला की थवा कणसांवरून हातभर उठायचा आणि तिथेच परत बसायचा. म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देणारी बंदूक, जी एकाच कोपऱ्यातून दिवसभर दर काही मिनिटांनी वाजते, तीच शेतकऱ्याच्या सगळ्यात कमी कामाची असते. तुमचं आणि त्याचं हित इथे एकाच बाजूला आहे. बोलणी इथून सुरू करा.

मी मात्र तशी सुरू केली नव्हती. पहिल्या वर्षी एका सकाळी, रात्रभर झोप नाही, तशीच बांधावर जाऊन माझ्या शेजारच्या शेतकरीदादांना वाटेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. पुढच्या हंगामात संध्याकाळी, बार थांबल्यावर गेले. ‘दादा, पाखरं किती खातात ते मला दाखवाल का?’ एवढंच विचारलं. ते मला मक्यातून आत घेऊन गेले. कडेच्या ओळींतली कणसं वरून सोललेली, दाणे अर्ध्यापर्यंत टिपलेले. सूर्यफुलाची काही फुलं तर मधोमध रिकामी. चार महिन्यांची मेहनत शेवटच्या तीन आठवड्यांत जाताना बघणं काय असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. त्यांनाही पहिल्यांदाच कळलं की माझ्या खिडकीपासून बंदूक जेमतेम १०० मीटरवर आहे. शेतातून अंतर वेगळं दिसतं.

त्यानंतर आम्ही मिळून जे ठरवलं ते सांगते. बंदूक दर दोन-तीन दिवसांनी हलवायची, आणि घराच्या बाजूची जागा शक्यतो टाळायची. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. १०० मीटरवरची बंदूक ३०० मीटरवर गेली तर कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. नळीचं तोंड घरांकडून फिरवायचं. मागच्या आणि दोन्ही बाजूंना गवताच्या गठ्ठ्यांचा उंच आडोसा रचायचा, फक्त नळीसमोर आणि गरम भागाजवळ गवत येऊ द्यायचं नाही, पेटतं. या आडोशाचा फरक मला अपेक्षेपेक्षा बराच जास्त जाणवला. दुपारी बंदूक बंद, कारण पाखरं चरतात ती मुख्यतः सकाळी आणि उतरत्या उन्हात. पहाटेचा पहिला बार उजाडल्यावर, कारण अंधारात पाखरं शेतात नसतातच. काही यंत्रांना उजेड ओळखणारा सेन्सर असतो. नसेल तर टायमर लावता येतो. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेची आचारसंहिता तासाला चारच्या वर बार नकोत असं सांगते. हा आकडा मी त्यांना दाखवला तेव्हा शेतकऱ्यांनीच तो ठरवलाय याचं त्यांना विशेष वाटलं.

बंदुकीच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं, नाहीतर बार कमी केले की पाखरं वाढतील आणि सगळं मूळपदावर येईल. चमकती फीत पिळून ताणून बांधली की उन्हात लखलखते आणि वाऱ्यात गुणगुणते. काठीला बांधलेला ससाण्याच्या आकाराचा पतंग वाऱ्यात घिरट्या घालतो. बुजगावणं एकाच जागी उभं राहिलं तर कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात, म्हणून तेही हलवत राहायला हवं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे जाळं, पण ते महाग, आणि ढिलं लावलं तर त्यात पक्षी आणि साप अडकून मरतात. फळबागेला परवडतं, मक्याला नाही. माणूस स्वतः शेतात फिरला तर पाखरं जितकी घाबरतात तितकी कुठल्याच यंत्राला घाबरत नाहीत, हे दादांनीच मला सांगितलं.

‘माणसाला ऐकू न येणारा’ अल्ट्रासोनिक आवाज काढणारं यंत्र घ्यायला सांगू नका. बहुतेक पक्ष्यांना तो ऐकूच येत नाही. तुमच्या कुत्र्याला मात्र येतो. आणि पाइप, कार्बाइड आणि पाण्याची घरगुती बंदूक कुणी वापरत असेल तर मुलांना तिच्या आसपासही जाऊ देऊ नका. का उडाली नाही म्हणून नळीत डोकावताना डोळे जाऊ शकतात.

पीक कोणत्या टप्प्यावर आहे ते जरूर विचारा. पेरणीनंतर कोंब वर येईपर्यंतचे काही दिवस, आणि दाणा दुधात आल्यापासून कापणीपर्यंतचे आठवडे, एवढाच खरा धोक्याचा काळ. मधल्या दिवसांत तेच पक्षी पिकावरच्या अळ्या टिपतात, त्यांना हाकलणं म्हणजे राखणदारालाच घालवणं. चीनमध्ये १९५८ साली लोकांनी भांडी बडवून चिमण्यांना कुठे बसूच दिलं नाही, थकून पडेपर्यंत उडवलं. पुढे किडी वाढल्या आणि १९६० मध्ये नायनाट करायच्या प्राण्यांच्या यादीतून चिमण्यांना काढावं लागलं. आणि मला तर ‘कापणीला अजून अठरा दिवस’ हे कळण्यानंच निम्मं हलकं वाटलं. शेवट दिसला की सोसवतं.

घरात करण्यासारखं थोडं आहे. खिडकीची काच जाड करण्याआधी फटी बुजवा, आवाज तिथून जास्त येतो. पाळणा शेताच्या उलट बाजूच्या खोलीत हलवा. मी हे दोन वर्षं केलं नाही याचं अजून वाईट वाटतं. कुंपणाला झाडांची एक ओळ लावून आवाज अडत नाही, भरीव भिंत अडवते, तीही बंदूक आणि खिडकी यांच्यामधली सरळ रेषा तोडेल एवढी उंच असेल तरच. पंखा चालू ठेवला तर बार बुडत नाही, पण शांतता आणि बार यांतली दरी कमी होते आणि दचकणं सौम्य होतं. कानातले बोळे मोठ्यांना चालतात, मात्र बाळाचं रडणं ऐकायला एकानं तरी ते न घालता झोपायला हवं.

कुत्र्याला पलंगाखालून ओढून काढू नका, रागावूही नका. तीच त्याची सुरक्षित जागा आहे, तिथे जाड पांघरूण आणि पाणी ठेवा. हंगाम संपल्यावर बाराचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, आवडता खाऊ देत देत ऐकवायचं आणि कित्येक दिवसांत थोडं थोडं वाढवायचं. खाणं सोडलं असेल किंवा सारखा थरथरत असेल तर थांबू नका, पशुवैद्याकडे न्या. यावर औषधं आहेत.

आणि आजपासून एक वही ठेवा. तारीख, पहिला बार, शेवटचा बार, तासाला किती, वारा कुठून. फोनवरच्या डेसिबल ॲपवर विसंबू नका, क्षणभराचा स्फोट त्या माइकला नीट पकडता येत नाही. घड्याळ दिसेल असा व्हिडिओ जास्त कामाचा. बोलून काहीच झालं नाही आणि स्थानिक प्रशासनाकडे जावं लागलं तर हीच वही उपयोगी पडेल. माझी तिथवर गेली नाही. मी तीत एक रकाना जास्तीचा केला होता, बार झाला तेव्हा पाखरं दिसली की नाही. ती पानं दादांसमोर ठेवली. अकरा ते साडेतीन, सलग नऊ दिवस, जवळजवळ सगळे बार रिकाम्या शेतावर. त्यांनी वही दोनदा उलटून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी सिलिंडरची चावी बंद केल्याचं मला खिडकीतून दिसलं.